पायथन शिकणाऱ्यांसाठी: डिक्शनरीचा सराव नंबरप्लेटपासून सुरू करा

धंतोलीकर

लिस्टपर्यंत सगळे बरोबर येतात. डिक्शनरी, म्हणजे 'की' (शोधायची खूण) सांगितली की तिची 'व्हॅल्यू' (माहिती) देणाऱ्या जोड्यांचा संग्रह, सुरू झाली की अर्धा वर्ग मागे पडतो. नागपूरच्या महाल भागातल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी आम्ही काही मंडळी पायथन शिकवतो. येणारे बहुतेक बी.कॉम., बी.ए. आणि आयटीआयचे, शिवाय घरचं सगळं आटपून येणाऱ्या काही ताई. महिरपी कंस, डावीकडे की, मधे कोलन, उजवीकडे व्हॅल्यू, हे पाच मिनिटांत पाठ होतं. मग एखादी खरी माहिती समोर ठेवून "हिची डिक्शनरी करा" म्हटलं की पेन थांबतो. यात की कोणती घ्यायची, हा प्रश्न त्यांना तोवर कोणी विचारलेलाच नसतो.

माझ्या मते डिक्शनरीचा सराव म्हणजे मुख्यतः की निवडण्याचा सराव. आणि तो अशा माहितीवर व्हावा, जिची उत्तरं शिकणाऱ्याला आधीच पक्की ठाऊक आहेत. सरावाच्या पुस्तकातल्या सफरचंद-केळ्यांच्या भावात उत्तर चुकलं तरी चुकलं हे कळत नाही, कारण ते आकडे कोणाच्याच ओळखीचे नसतात. गाडीच्या नंबरचं तसं नाही. एमएच ३१ कुठली, हे नागपुरात शाळकरी पोरालाही सांगावं लागत नाही. म्हणून मी इथून सुरुवात करतो:

जिल्हे = {"३१": "नागपूर", "३२": "वर्धा", "२७": "अमरावती", "३०": "अकोला", "३४": "चंद्रपूर", "२९": "यवतमाळ"}

ही ओळ जशीच्या तशी पायथन ३ मध्ये चालते, नाव देवनागरीत असलं तरी. फक्त फॉर, इन, इफ, प्रिंट हे पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे. इथे मी ते देवनागरीत लिहितोय.

आधी जिल्हे["३२"] विचारायचं, वर्धा येतं. मग मुद्दाम जिल्हे["९९"] विचारायचं आणि की-एरर डोळ्यांनी पाहायची. शेवटच्या ओळीत न सापडलेली की लिहिलेली असते, ती मोठ्यानं वाचायला लावतो. मग उरलेला विदर्भ स्वतः भरायचा: भंडारा ३६, गोंदिया ३५, गडचिरोली ३३, बुलढाणा २८, वाशीम ३७. अकरा जिल्हे, अकरा नोंदी. लेन (नोंदी मोजणारं फंक्शन) लावून ११ येतात का पाहायचं. कमी आले तर कुठली तरी की दोनदा टाकली आणि दुसरीनं पहिलीला पुसलं. पायथन त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, म्हणून मोजून पाहायची सवय लागलीच पाहिजे.

खरी मजा पुढे आहे. नागपूरला ३१ शिवाय ग्रामीणचा ४० आणि पूर्व नागपूरचा ४९ सुद्धा आहे. तेही भरा, व्हॅल्यू "नागपूर"च. आता १३ नोंदी झाल्या. मग ही डिक्शनरी उलटी करा, म्हणजे जिल्हा सांगितला की नंबर मिळाला पाहिजे:

उलट = {}
फॉर नंबर, जिल्हा इन जिल्हे.आयटम्स():
    उलट[जिल्हा] = नंबर

लेन(उलट) किती येईल, हे चालवण्याआधी वहीत लिहायचं. बहुतेक जण १३ लिहितात. येतात ११. आणि उलट["नागपूर"] विचारलं तर "४९" येतं, ३१ नाही. एका कीला एकच व्हॅल्यू, हे वाक्य पुस्तकात वाचलेलं असतं. पण स्वतःच्या गाडीचा नंबर यादीतून गायब झालेला दिसला की ते कायमचं डोक्यात बसतं.

तुम्ही कसा सराव केला, कुठे अडलात, काय उपयोगी पडलं, ते या धाग्यावर लिहा. अडलेले प्रश्नही टाका.

बीकॉम_सेकंडइयर

भाऊ, मग ४९ च्या जागी तिन्ही नंबर कसे ठेवायचे? मी व्हॅल्यूत "३१, ४०, ४९" अशी एकच स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) बनवून पाहिली, चाललं, पण मग ४० आहे का हे विचारता येत नाही नीट.

धंतोलीकर

बरोबर जागी पोहोचलात. स्ट्रिंगमध्ये कोंबलं की परत सोडवायचं काम वाढतं. व्हॅल्यूच्या जागी लिस्ट ठेवा. जिल्हा पहिल्यांदा आला तर रिकामी लिस्ट तयार करायची, आधीपासून असेल तर तिच्यातच भर घालायची. सुरुवातीला हे इफ लावून लिहा: इफ जिल्हा नॉट इन उलट, तर उलट[जिल्हा] = [], आणि मग अपेंड. हाताला बसलं की तेच एका ओळीत होतं:

उलट.सेटडिफॉल्ट(जिल्हा, []).अपेंड(नंबर)

आता उलट["नागपूर"] दिलं की ["३१", "४०", "४९"] मिळेल, आणि इन वापरून "४०" आहे का हेही विचारता येईल. कलेक्शन्स मॉड्यूलमधली डिफॉल्टडिक्ट हेच काम आपोआप करते, पण ती दोन आठवडे उशिरा भेटली तर बरं.

हिंगणा_टी_पॉइंट

मले एक सांगा, हे सगळं दोन लिस्ट घेऊन बी होतेच ना? एका लिस्टमध्ये नंबर, दुसरीत जिल्हे, इंडेक्स सारखा. मी तसंच करून राहिलो. मग डिक्शनरी काऊन पाहिजे?

मिहान_नाइटशिफ्ट

होते ना. तेरा नोंदींना काहीच फरक पडणार नाही. तेरा लाखांना पडतो.

लिस्टमध्ये शोधताना पायथन पहिल्यापासून एकेक घटक तपासत जातो. शोधायचा घटक शेवटी असेल तर सगळी लिस्ट पालथी घालावी लागते. डिक्शनरीत तसं होत नाही. की दिली की आधी तिच्यावरून एक आकडा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात, आणि त्या आकड्यावरून नोंद कुठल्या खान्यात असेल ते ठरतं. पोस्टात पत्रं छाटताना पिन पाहून थेट त्या खणात टाकतात, सगळे खण चाळत बसत नाहीत, तसंच. त्यामुळे नोंदी वाढल्या तरी शोधायला लागणारा वेळ सरासरी तेवढाच राहतो. दोन कींचा खाना कधी एकच निघतो, तेव्हा पायथन ठरलेल्या क्रमानं दुसरा खाना पाहतो आणि की खरोखर तीच आहे का हे ताडून घेतो. म्हणून हॅश जुळला तरी चुकीची व्हॅल्यू मिळत नाही.

आणि वेग बाजूला ठेवला तरी दोन लिस्टची दुसरी अडचण मोठी आहे. एका लिस्टमधून नोंद काढली, दुसरीतून काढायची राहिली, की पुढचे सगळे जिल्हे एकेक घर सरकले. चंद्रपूरची गाडी यवतमाळची दाखवेल आणि एररही येणार नाही. डिक्शनरीत जोडी तुटूच शकत नाही.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. लिस्टला की का करता येत नाही? कारण लिस्टमधला मजकूर नंतर बदलता येतो. मजकूर बदलला की हॅश बदलणार, आणि नोंद जुन्याच खान्यात पडून राहणार. म्हणून पायथन आधीच टाइप-एरर देऊन अडवतो. टपल, म्हणजे गोल कंसातली यादी, चालतं, कारण ते बदलत नाही. मात्र टपलच्या आत लिस्ट असेल तर तेही चालत नाही.

बर्डी_ते_कामठी

क्रमाचं काय? आमच्या नोट्समध्ये "डिक्शनरी अनऑर्डर्ड असते" असं छापलंय. पण मी भरते त्याच क्रमानं प्रिंट होऊन राहिलंय. परीक्षेत काय लिहू?

मिहान_नाइटशिफ्ट

तुमच्या नोट्स जुन्या आवृत्तीच्या आहेत. पायथन ३.६ मध्ये, म्हणजे २०१६ साली, डिक्शनरीची आतली रचना बदलली आणि नोंदी भरल्या क्रमानं राहू लागल्या. पण तो तेव्हा रचनेचा परिणाम होता, वचन नव्हतं. २०१८ च्या ३.७ पासून मात्र भरलेला क्रम टिकणार हा भाषेचा नियमच आहे. परीक्षेत आवृत्तीसकट लिहा, म्हणजे तपासणाऱ्यालाही अडचण नाही.

एक ध्यानात ठेवा, क्रम भरण्याचा असतो, अकारविल्हे नाही. आणि आधीच्या कीची व्हॅल्यू बदलली तर तिची जागा बदलत नाही. ती काढून परत घातली तरच शेवटी जाते. सेटला, म्हणजे जोड्या नसलेल्या नुसत्या घटकांच्या संग्रहाला, यातलं काहीच लागू नाही. स्ट्रिंगांचा सेट प्रिंट केला तर प्रोग्राम दर वेळी सुरू केल्यावर क्रम वेगळा दिसू शकतो, कारण स्ट्रिंगचा हॅश ३.३ पासून दर वेळी नव्यानं ठरतो.

मास्तर_रामदासपेठ

धंतोलीकर, आपली पद्धत आवडली. एक आक्षेप नोंदवतो, तो आपल्याला उद्देशून नाही, पण या वयातल्या मुलांना शिकवताना नेहमी जाणवतो.

हल्ली डिक्शनरी शिकवली की लगेच गेट, म्हणजे चौकोनी कंसाऐवजी व्हॅल्यू विचारायची दुसरी रीत, शिकवतात, आणि "एरर येत नाही" हा तिचा मोठा गुण म्हणून सांगतात. मुलं मग चौकोनी कंस विसरतातच, सगळीकडे गेट. आता विचार करा, भाडं नावाच्या डिक्शनरीवर भाडं.गेट("खापरि") असं कोणी लिहिलं, ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, आणि डिक्शनरीत "खापरी" आहे. गेट नन (None, म्हणजे 'काहीच नाही') देतं, काही बोलत नाही. तो नन चार ओळी पुढे जाऊन बेरजेत घुसतो आणि तिथे टाइप-एरर येते. मूल बेरजेची ओळ तपासत बसतं, जिथे काहीच चुकलेलं नाही. की-एररनं नेमकं त्याच ओळीवर बोट ठेवलं असतं.

माझं म्हणणं असं की की असायलाच हवी, अशी खात्री असेल तिथे चौकोनी कंस लावावा आणि एरर येऊ द्यावी. नसली तरी चालण्यासारखं असेल, आणि नसली तर काय समजायचं हे आपण ठरवलेलं असेल, तिथेच गेट. आणि तिथेही दुसरी किंमत लिहून द्यावी, नुसतं गेट नको.

धंतोलीकर

शंभर टक्के सहमत, मास्तर. आमच्याकडे गेट पहिल्यांदा येतं ते मोजणीच्या वेळी, कारण तिथे "नसेल तर शून्य" याला खरा अर्थ आहे. एखादा शब्द घ्यायचा आणि कुठलं अक्षर किती वेळा आलं ते मोजायचं. जुनी संख्या गेटनं विचारायची, नसेल तर शून्य धरायचं, एक मिळवून परत ठेवायचं. कलेक्शन्स मॉड्यूलमधलं काउंटर वापरलं की हे एका ओळीत होतं, पण हातानं केल्याशिवाय काउंटर देत नाही.

यात मराठी शब्द घेतला की पोरं चकित होतात. "विदर्भ" द्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात, डिक्शनरीत कीज मात्र सहा निघतात: व, ि, द, र, ्, भ. वेलांटी वेगळी, पाय मोडायचं चिन्ह वेगळं. संगणक देवनागरी अशीच साठवतो. तिथून पुढे "मग अख्खी अक्षरं कशी मोजायची" हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येतो आणि पुढच्या रविवारचा विषय आपोआप ठरतो.

ठेचा_पापड_ताई

मी माझाच अडलेला प्रश्न टाकते. घरून ठेचा, पापड, शेवयांच्या ऑर्डरी घेते. व्हॉट्सॲपवर येतात, काही मी फोनवर टाइप करते, काही मुलगी लॅपटॉपवर. पायथन शिकले म्हणून म्हटलं आपलीच मोजणी करावी. अगदी वर लिहिलीय तशीच, गेट आणि शून्य. उत्तर असं आलं:

वऱ्हाडी ठेचा १४
मुगाचे पापड २२
वऱ्हाडी ठेचा ९
शेवया ११

वऱ्हाडी ठेचा दोनदा कसा? एका कीला एकच जागा ना? स्पेलिंग दहा वेळा पाहिलं, शेवटी स्पेस नाही, स्ट्रिप लावून पण पाहिलं. दोन्ही अगदी सारखे दिसतात.

मिहान_नाइटशिफ्ट

ताई, दोन्हींवर लेन लावून बघा. आकडे वेगळे येतील असं वाटतं. आणि लिस्ट(की) प्रिंट करा, म्हणजे एकेक तुकडा वेगळा दिसेल.

ठेचा_पापड_ताई

आले! एक १२ आणि एक १३. लिस्टमध्ये पहिल्यात ऱ असा एकच तुकडा आहे, दुसऱ्यात र, मग ्, मग एक रिकामं काहीतरी, मग ह.

मिहान_नाइटशिफ्ट

हेच. वऱ्हाडमधला हा अर्धा र संगणकात तीन प्रकारे लिहिता येतो आणि तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात.

पहिला प्रकार, ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याचा युनिकोड क्रमांक ०९३१. त्याच्यापुढे पाय मोडायचं चिन्ह आणि ह. दुसरा, साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं. तिसरा, साधा र, पाय मोडायचं चिन्ह, आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. त्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. तुमच्या दुसऱ्या नोंदीतला रिकामा तुकडा तोच. कुठला कीबोर्ड कुठला प्रकार वापरतो, हे टाइप करणाऱ्याला कळतही नाही. स्ट्रिप त्याला हात लावत नाही, कारण ती स्पेस नाही, आणि शब्दाच्या टोकालाही नाही.

उपाय दोन पायऱ्यांचा. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ एनएफसी प्रकारानं चालवलं की दुसरा प्रकार पहिल्यासारखा होतो. तिसरा त्यानं होत नाही, तो रिप्लेस वापरून स्वतः बदलावा लागतो: र, पाय मोडायचं चिन्ह आणि जोडचिन्ह, या तिघांच्या जागी ऱ आणि पाय मोडायचं चिन्ह. हे सगळं एका फंक्शनमध्ये ठेवा, नाव द्या शुद्ध_की. डिक्शनरीत घालताना आणि शोधताना, दोन्ही वेळा की त्यातूनच जाऊ द्या. एकाच बाजूला लावलं तर गोंधळ आणखी वाढेल.

ठेचा_पापड_ताई

२३ आले वऱ्हाडी ठेचाचे. जीव भांड्यात पडला, कारण मी मिरच्या १४ च्या हिशेबानं आणणार होते.

आता पुढचं. गिऱ्हाइकाच्या नावावर उधारी ठेवायची आहे. की म्हणून नाव घेऊ का?

धंतोलीकर

ताई, इथेच माझा मूळ मुद्दा येतो. कीला दोन परीक्षा लावा. दोन वेगळ्या माणसांची ती एकच निघू शकते का? आणि उद्या ती बदलू शकते का? नाव पहिल्या परीक्षेत पडतं, एकाच गल्लीत एका नावाच्या दोन काकू असतातच. एकीची उधारी दुसरीच्या नावावर चढेल.

मोबाइल नंबर बरा, पण तोही पूर्ण पास होत नाही. घरात मायलेकी एकाच नंबरवरून ऑर्डर देत असतील तर? नंबर बदलला तर? सगळ्यात पक्कं म्हणजे तुम्हीच प्रत्येक गिऱ्हाइकाला एक छोटा क्रमांक द्या, "ग००१", "ग००२" असा. व्हॅल्यूच्या जागी आणखी एक डिक्शनरी, तिच्यात नाव, मोबाइल, बाकी. नाव बदललं, नंबर बदलला, तरी बाहेरची की तीच राहते. वाचायचं झालं तर गिऱ्हाइकं["ग००१"]["बाकी"], दोन चौकोनी कंस एकापुढे एक. पहिल्या कंसानं माणूस मिळतो, दुसऱ्यानं त्याची बाकी.

बीकॉम_सेकंडइयर

एसटीडी कोडची डिक्शनरी करून राहिलो. नागपूर ०७१२, अमरावती ०७२१, अकोला ०७२४, वर्धा ०७१५२, चंद्रपूर ०७१७२. की गाव, व्हॅल्यू कोड. आकडे अवतरणचिन्हांशिवाय टाकले तर पहिल्याच ओळीला सिंटॅक्स-एरर. इंग्रजी आकडे घेतले तरी तेच. काऊन?

मिहान_नाइटशिफ्ट

पायथन ३ मध्ये संख्येच्या सुरुवातीला शून्य चालत नाही, म्हणून. आणि चाललं असतं तरी शून्य उडून ७१२ उरलं असतं. एसटीडी कोड, पिनकोड, गाडीचा नंबर, मोबाइल यांची कधी बेरीज-वजाबाकी करायची नसते. ते आकड्यांत लिहिलेले असले तरी मजकूरच आहेत, स्ट्रिंगमध्येच ठेवा.

मराठी आकड्यांची गंमतही इथेच पाहून घ्या. कोडमध्ये सरळ ३१ असं देवनागरीत लिहिलं तर सिंटॅक्स-एरर येते. पण इंट("३१") केलं तर पायथनला ते कळतं आणि बरोबर एकतीस मिळतात. मात्र स्ट्रिंग म्हणून देवनागरी "३१" आणि इंग्रजी आकड्यांतला तोच नंबर या दोन वेगळ्या कीज आहेत. अर्धी डिक्शनरी एका लिपीत आणि शोधणारा दुसऱ्या लिपीत, असं झालं की की-एरर ठरलेली.

वर्डमधून कोड कॉपी करत असाल तर अवतरणचिन्हंही बघा. वळणदार अवतरणचिन्ह पायथनला कळत नाही, सरळच लागतं.

ॲक्वा_लाइन

माझ्याकडून एक सराव. आमच्या ग्रुपमध्ये यानं फार रंगत आली. आपली नागपूर मेट्रो डिक्शनरीत बसवा. की स्टेशन, व्हॅल्यू शेजारच्या स्टेशनांची लिस्ट.

शेजारी = {"सीताबर्डी": ["झिरो माइल", "काँग्रेस नगर", "झाशी राणी चौक", "कॉटन मार्केट"], "कॉटन मार्केट": ["सीताबर्डी", "नागपूर रेल्वे स्टेशन"]}

असंच पुढे भरत जायचं. ऑरेंज लाइन ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी, ॲक्वा लाइन प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. भरून झालं की डिक्शनरीलाच प्रश्न विचारा. ज्याच्या लिस्टमध्ये एकच शेजारी आहे ती स्टेशनं कोणती? वर सांगितलेली चार टोकंच आली पाहिजेत. दोनपेक्षा जास्त शेजारी कोणाला? फक्त सीताबर्डी यायला हवं, कारण दोन्ही लाइनी तिथेच एकमेकींना भेटतात. पाचवं टोक निघालं तर कुठेतरी भरायचं राहिलंय.

आणि सगळ्यात चांगली तपासणी ही: प्रत्येक स्टेशनासाठी त्याच्या प्रत्येक शेजाऱ्याकडे जा, आणि त्याच्या लिस्टमध्ये मूळ स्टेशन आहे का ते पाहा. अ ला ब शेजारी असेल तर ब ला अ असलाच पाहिजे. दोन फॉर आणि एक इफ एवढंच लागतं, पण त्यात आत-बाहेरचं सगळं येतं. एका मुलीनं एका ठिकाणी "शंकर नगर" आणि दुसरीकडे "शंकरनगर" लिहिलं होतं, ते या तपासणीनंच पकडलं.

हिंगणा_टी_पॉइंट

मेट्रोचं करून पाह्यलं. आधी सगळ्या नावांची लिस्ट केली, मग डिक्ट.फ्रॉमकीज(नावं, []) नं रिकाम्या लिस्टा दिल्या. मग सीताबर्डीले कॉटन मार्केट जोडलं, तर सगळ्याच स्टेशनांले कॉटन मार्केट लागलं! खापरीले बी!

ॲक्वा_लाइन

भाऊ, फ्रॉमकीजला तुम्ही एकच लिस्ट दिली, आणि तीच एक लिस्ट सगळ्या कीजना बांधली गेली. नावं वेगवेगळी, वस्तू एकच. कुठूनही अपेंड केलं तरी सगळीकडे दिसणार. फ्रॉमकीज शून्यासाठी किंवा स्ट्रिंगसाठी चांगलं, लिस्टसाठी नाही. फॉर फिरवून दर वेळी नवी [] द्या, किंवा वरचं सेटडिफॉल्ट वापरा.

ब = अ लिहिलं तरी हेच होतं. डिक्शनरीची प्रत होत नाही, एकाच डिक्शनरीला दुसरं नाव मिळतं. प्रत पाहिजे तर अ.कॉपी(). आत लिस्ट असतील तर तेवढ्यानं भागत नाही, मग कॉपी मॉड्यूलमधलं डीपकॉपी लागतं.

बर्डी_ते_कामठी

फॉर फिरवताना नोंद काढायला गेले तर रनटाइम-एरर आली, "साइझ चेंज्ड" असं काहीतरी.

ॲक्वा_लाइन

डिक्शनरीवर फिरत असताना तिच्यात नोंदी वाढवायच्या नाहीत, कमी करायच्या नाहीत. कीजची आधी वेगळी लिस्ट करून घ्या, लिस्ट(शेजारी), आणि तिच्यावर फिरा. असलेल्या कीची व्हॅल्यू बदलायला मात्र फिरतानाही काही हरकत नाही.

ठेचा_पापड_ताई

माझं गिऱ्हाइकांचं झालं, "ग००१" वालं. पण प्रोग्राम बंद केला की सगळी उधारी जाते. रोज परत भरायची का? आणि फोनवर कोलॅबमध्ये (गूगलचं ब्राउझरमध्ये चालणारं पायथन) करते तेव्हा वेगळंच.

धंतोलीकर

नाही ताई, फाइलमध्ये ठेवायची. जेसन मॉड्यूल आणा, डम्पनं लिहायचं, लोडनं परत वाचायचं. तुमच्या आतल्या-बाहेरच्या दोन्ही डिक्शनऱ्या जशाच्या तशा परत येतील. चार गोष्टी सांभाळा.

डम्पला एन्शुअर-आस्की फॉल्स द्या. नाही दिलं तरी माहिती जात नाही, पण फाइल उघडल्यावर नावांऐवजी नुसते कोड दिसतात. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ लिहाच. विंडोजवर ते नाही लिहिलं तर पायथन बहुतेक वेळा जुनं एन्कोडिंग धरतो आणि देवनागरी लिहिताना एरर देतो, फाइल अर्धवट राहते. म्हणून लिहिण्याआधी जुन्या फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवत जा, उधारीचा मामला आहे.

तिसरं कीजचं. जेसनमध्ये की स्ट्रिंगच असते. की म्हणून पूर्णांक दिले असतील तर परत वाचताना ते स्ट्रिंग होऊन येतात आणि जुना कोड की-एरर देतो. टपल की असेल तर डम्पच टाइप-एरर देतं. तुमची "ग००१" आधीच स्ट्रिंग आहे, त्यामुळे तुम्हाला काहीच बदलावं लागणार नाही. बाकीची रक्कम मात्र पूर्णांकच ठेवा, व्हॅल्यूमधले पूर्णांक पूर्णांकच परत येतात.

आणि कोलॅबवर फाइल त्या वेळेपुरत्या यंत्रावर असते, सत्र संपलं की जाते. काम झालं की डाउनलोड करा, किंवा आधी ड्राइव्ह जोडून घेऊन फाइल तिथे लिहा. लॅपटॉपवर मुलगी आणि फोनवर तुम्ही, दोघीही लिहिणार असाल तर फाइल एकच ठेवा, आणि एका वेळी एकीनंच उघडा. दोघींनी एकदम लिहिलं तर नंतर लिहिणारीची फाइल राहील आणि आधीचीच्या नोंदी जातील.